बागबाजारचा खंदक आणि तात्पुरती फाइल

उत्तर कोलकात्यात हुगळीच्या काठावर बागबाजार ही जुनी वस्ती आहे. तिथल्या एका गल्लीच्या नावाची पाटी वाचून मराठी माणूस थबकतोच: मराठा डिच लेन. डिच म्हणजे खंदक. तो मराठ्यांनी खणलेला नाही, मराठ्यांच्या धास्तीने खणलेला आहे.

१७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालमध्ये उतरले. बंगाली लोक या स्वारांना ‘बर्गी’ म्हणत. आपल्या ‘बारगीर’ शब्दाचंच ते रूप. या स्वाऱ्यांत गावंच्या गावं लुटली गेली, हेही प्रांजळपणे सांगायला हवं. कलकत्तेकरांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायचं ठरवलं आणि बागबाजारच्या बाजूने काम सुरू झालं. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाले. मराठे काही कलकत्त्यावर आले नाहीत. काम थांबलं.

पुढे जून १७५६ मध्ये सिराज उद्दौला आला. बागबाजारचा पहिला हल्ला इंग्रजांनी परतवला. मग नवाबाची फौज वळसा घालून पूर्वेच्या बाजूने शिरली. अर्धवट खंदक तिला अडवू शकला नाही. २० जूनला फोर्ट विल्यम पडला. ‘धोका नाही’ हा निष्कर्ष कितीतरी आधीचा होता, आणि भरवसा ठेवला गेला १७५६ मध्ये.

हीच चूक प्रोग्रॅमर मंडळींनी कित्येक वर्षं केली. तिथे मधलं अंतर वर्षांचं नव्हतं, सेकंदाच्या एका अंशाचं होतं.

मोठी यादी क्रमाने लावताना किंवा फोटो अपलोड होताना प्रोग्रॅमला थोड्या वेळासाठी फाइल लागते. युनिक्समध्ये ती ‘टीएमपी’ नावाच्या सामायिक फोल्डरमध्ये बनते. धर्मशाळाच ती, कुणीही यावं, सामान ठेवावं. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतलं ‘एमकेटेम्प’ हे फंक्शन एवढंच करायचं: कुणी न वापरलेलं नाव शोधून द्यायचं. फाइल बनवणं हे पुढचं, वेगळं काम.

मेख इथेच आहे. नाव मोकळं असल्याची खात्री झाली आणि फाइल बनली, या दोहोंच्या मध्ये दुसरा कुणी त्याच नावाची सांकेतिक लिंक ठेवू शकतो. जुनी नावं प्रोसेसच्या क्रमांकावरून बनत, त्यामुळे ओळखणंही सोपं. लिंक एखाद्या महत्त्वाच्या फाइलकडे वळवलेली असली आणि प्रोग्रॅम ॲडमिनच्या अधिकाराने चालत असला, तर तो स्वतःच ती महत्त्वाची फाइल पुसून टाकतो. १९९६ मध्ये मॅट बिशप आणि मायकेल डिल्गर यांनी अशा चुका शोधण्यावर शोधनिबंध लिहिला.

उपाय साधा निघाला: तपासणं आणि बनवणं ही दोन कामं ठेवायचीच नाहीत. ‘एमकेएसटेम्प’ ऑपरेटिंग सिस्टिमला एकच हुकूम देतं: या नावाचं काही नसेल तरच फाइल बनव, नाहीतर नकार दे. नकार आला की नवं नाव. फाइल उघडूनच हातात मिळते आणि ती फक्त मालकाला वाचता येते. पायथनने २००३ च्या २.३ आवृत्तीत ‘एमकेएसटेम्प’ दिलं आणि जुनं ‘एमकेटेम्प’ वापरू नका असं बजावलं. २००८ च्या पॉझिक्स मानकातून तर ते काढूनच टाकलं.

राहिली आवराआवर. ‘एमकेएसटेम्प’ने बनवलेली फाइल आपली आपणच पुसायची असते, पायथनचं ‘टेम्पररीफाइल’ मात्र बंद करताच स्वतः पुसून जातं. कलकत्त्याच्या खंदकाचा बराचसा भाग १७९९ मध्ये सर्क्युलर रोडसाठी बुजवला गेला, म्हणजे कामाचा उपयोग संपल्यावर कितीतरी वर्षांनी.

तेव्हा जुन्या कोडमध्ये ‘एमकेटेम्प’ दिसलं, तर ‘आजवर काही झालं नाही’ म्हणून पुढे जाऊ नका. बदलायला एक ओळ पुरते. भेटू पुढच्या भागात.