बोटॉक्सच्या इंजेक्शननंतर चेहऱ्याचा व्यायाम, वुजू आणि सजदा : काय करावे, काय टाळावे

आमच्या ओळखीतल्या एका आपांनी घरातल्या निकाहाच्या आधी कपाळावर सुरकुत्यांचे इंजेक्शन घेतले. क्लिनिकमधून निघताना कुणीतरी सांगितले, "आज दिवसभर खाली वाकायचे नाही." आपांनी ते इतके मनावर घेतले की जोहर, असर आणि मगरिब, तिन्ही नमाजा कजा केल्या. दुसऱ्या एका घरात उलटे घडले. इंजेक्शननंतर तासाभरातच तेल लावून कपाळाची चांगली मालिश झाली. दोन्हीकडे चूक माहितीच्या अभावाची होती. म्हणून हा विषय आपण सोप्या भाषेत समजून घेऊ.

हे इंजेक्शन नेमके काय करते?

बोटॉक्स हे एका कंपनीच्या औषधाचे व्यापारी नाव आहे, पण आता सर्रास सगळ्याच अशा इंजेक्शनांना तेच म्हणतात. औषधाचे खरे नाव बोट्युलिनम टॉक्सिन. मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटले की स्नायू आकसतो. हे औषध ते रसायन सुटूच देत नाही, म्हणून स्नायू सैल पडतो आणि त्याच्यावरच्या त्वचेची घडी कमी दिसते. त्वचा भरून काढणारे फिलर वेगळे, हे वेगळे.

परिणाम लगेच दिसत नाही. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाणवू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन-चार महिन्यांनी ओसरतो. तेव्हा निकाहाच्या आदल्या दिवशी इंजेक्शन घेऊन काही उपयोग नाही. किमान तीन आठवडे हातात ठेवावेत, म्हणजे काही दुरुस्ती लागली तर तीही होते.

व्यायामाने फायदा होतो का?

पूर्वी काही डॉक्टरांना भीती होती की चेहरा हलवला तर औषध शेजारच्या स्नायूंत पसरेल. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या त्वचातज्ज्ञांनी २२ महिलांवर हे तपासले आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. काही महिलांनी इंजेक्शननंतरच्या चार तासांत कपाळ वर उचलणे आणि भुवया आकसणे असा व्यायाम केला. एका वेळी ४० वेळा, असे तीन संच, मध्ये १० मिनिटांची विश्रांती. बाकीच्यांनी व्यायाम केला नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांची अदलाबदल केली.

व्यायाम करणाऱ्यांना परिणाम सुमारे एक दिवस लवकर दिसला. दोन आठवड्यांनी मात्र दोघींत फरक उरला नाही आणि परिणाम जास्त दिवस टिकला असेही नाही. म्हणजे व्यायाम केला तर एक दिवसाचा फायदा, नाही केला तर नुकसान काही नाही. अभ्यास लहान होता, हेही लक्षात ठेवावे.

करायचे असेल तर असे करा :

- कपाळावर इंजेक्शन असेल तर आश्चर्य वाटल्यासारख्या भुवया वर न्या, सोडा.
- भुवयांच्या मध्ये असेल तर रागाने पाहिल्यासारख्या आठ्या घाला, सोडा.
- डोळ्यांच्या कडेला असेल तर डोळे बारीक करून मोठे हसा, सोडा.

हात लावायचा नाही. स्नायू आपोआप हलवणे हा व्यायाम, बोटांनी दाबणे-चोळणे ही मालिश. व्यायाम चालतो, मालिश चालत नाही.

वुजू, सजदा आणि हिजाब

बहुतेक डॉक्टर चार तास आडवे होऊ नका, वाकू नका आणि त्या दिवशी जड व्यायाम करू नका असे सांगतात. ही खबरदारी आहे. तिच्यासाठी दिवसभराची नमाज सोडायची गरज नाही, वेळेचे नियोजन पुरेसे आहे.

सकाळी दहाच्या आत इंजेक्शन घ्या. चार तास संपतात दुपारी दोनला, आणि जोहरचा वक्त तेव्हा बाकी असतो. कोकणातल्या आपल्या शाफई बंधुभगिनींची असर हनफींपेक्षा आधी, साधारण साडेतीन-चारच्या सुमारास सुरू होते, तरीही दोनची जोहर आरामात मिळते. जुम्मा चुकू नये म्हणून पुरुषांनी शुक्रवार टाळावा. दुसरा मार्ग म्हणजे आधी डॉक्टरांना सरळ विचारा : "आम्हाला सजदा करायचा आहे, किती वेळाने करू?" लाजण्यासारखे त्यात काही नाही.

वुजूत चेहऱ्यावरून पाणी वाहणे आवश्यक आहे, हनफी आणि शाफई मजहबात चोळणे फर्ज नाही. तेव्हा ओंजळीने हलके पाणी सोडा आणि रुमालाने पुसण्याऐवजी टिपून घ्या. हिजाबाच्या आतली घट्ट टोपी किंवा पट्टी कपाळावर दाबून बसते, ती काही तास सैल ठेवा. फेशियल आणि चंपी काही दिवस पुढे ढकला.

जायज आहे का?

हा निर्णय देण्याचा अधिकार आमचा नाही. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेने २००६ मध्ये सौंदर्यासाठी बोटॉक्सला मनाई केली, आजारावरच्या उपचाराला मात्र मुभा ठेवली. डोळ्यांचा तिरळेपणा, मायग्रेन, अति घाम यांसाठीही हेच औषध वापरतात. उपचार आणि शौक यांतला फरक, तसेच औषधातले घटक (काही इंजेक्शनांत मानवी रक्तातले अल्ब्युमिन असते) हे दोन्ही मुद्दे आपल्या भरवशाच्या मुफ्तीसाहेबांसमोर ठेवा. इंजेक्शन घेण्याआधी विचारा, नंतर नाही.

हे विसरू नका

- इंजेक्शन पात्र डॉक्टरकडूनच घ्या. कुपी तुमच्या समोर उघडायला सांगा, तिच्यावरचे नाव आणि मुदत वाचा. स्वस्तातल्या नकली औषधाने जीवावर बेतू शकते.
- गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल किंवा स्नायूंच्या कमजोरीचा आजार असेल तर आधीच सांगा.
- पापणी खाली उतरली तर घाबरू नका, डॉक्टरांना दाखवा. काही आठवड्यांत ती बहुधा पूर्ववत होते.
- गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास झाला तर थांबू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. हा त्रास काही तासांनी किंवा काही आठवड्यांनीही होऊ शकतो.

शेवटी एक गोष्ट. ज्यांनी इंजेक्शन घेतले त्यांना टोमणे मारू नका आणि ज्यांनी घेतले नाही त्यांना घेण्याचा आग्रहही करू नका. लपवाछपवी झाली की बाई डॉक्टरला विचारत नाही, मुफ्तीला विचारत नाही, आणि ऐकीव सल्ल्यावर चालते. त्या आपांच्या तीन नमाजा अशाच गेल्या. घरात मोकळेपणाने बोलता आले असते, तर एकही गेली नसती.