स्मुर्णाचे बिशप संत पोलिकार्प आणि संतांचा सण

ज्युबिलीचा उत्सव हा मुख्यतः स्मरणाचा उत्सव होय. ज्या पूर्वजांनीं आपलें ख्रिस्तमंदिर उभारलें आणि ज्या धर्मगुरूंनीं येथील वेदीवर मिस्साबलि अर्पण केला, त्यांची आठवण अशा वेळीं सहजच होते. त्यांच्याबरोबर मंदिराच्या आश्रयदात्या संताचेंहि स्मरण आपण करितों. परंतु याच प्रसंगीं कित्येकांच्या मनांत एक शंका येते. देव एकच आहे असें मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांनीं संतांचे सण कां पाळावे? त्यांच्या अस्थि इतक्या आदरानें कां जतन कराव्या? ही शंका प्रामाणिक आहे, आणि तिचें उत्तर दुसऱ्या शतकांतील एका वृद्ध बिशपाच्या मरणकथेंत स्पष्टपणें मिळतें. ते बिशप म्हणजे स्मुर्णा येथील संत पोलिकार्प.

स्मुर्णा हें आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्राचीन बंदर. आज तें तुर्कस्तानांत असून त्यास इझमीर म्हणतात. बायबलच्या प्रकटीकरण या ग्रंथांत ज्या सात मंडळ्यांना संदेश आहेत, त्यांत स्मुर्णा येथील दरिद्री पण एकनिष्ठ मंडळीचा उल्लेख आहे. पोलिकार्प यांचा जन्म इ. स. ७० च्या सुमारास झाला असावा. त्यांनीं प्रेषितांचा सहवास अनुभविला होता, विशेषतः प्रभूला प्रत्यक्ष पाहिलेल्या योहानाच्या मुखांतून उपदेश ऐकला होता, अशी साक्ष संत इरेनियस यांनीं दिली आहे. इरेनियस पुढें फ्रान्समधील लिआँ शहराचे बिशप झाले. पोलिकार्प कोठें बसत, कसे चालत, काय सांगत, हें लहानपणीं पाहिलेलें व ऐकलेलें आपणांस अलीकडच्या गोष्टींहून अधिक स्पष्ट आठवतें, असें त्यांनीं म्हातारपणीं लिहून ठेविलें. प्रभूपासून प्रेषितांकडे, प्रेषितांकडून पोलिकार्प यांच्याकडे व तेथून इरेनियस यांच्याकडे, अशी श्रद्धेची ठेव या हातांतून त्या हातांत आली.

पोलिकार्प हे मोठे ग्रंथकार नव्हते. अंत्युखियाचे बिशप संत इग्नेशियस यांना देहदंडासाठीं रोमकडे नेत असतां त्यांचा मुक्काम स्मुर्णा येथें पडला होता, आणि पुढें त्यांनीं पोलिकार्प यांस एक पत्र लिहिलें. तें आजहि उपलब्ध आहे. पोलिकार्प यांनीं स्वतः फिलिप्पै येथील मंडळीस लिहिलेलें पत्रहि टिकून आहे. व्हॅलेन्स नांवाचा तेथील एक धर्मगुरु द्रव्यलोभानें पदभ्रष्ट झाला होता. त्याला शत्रु न समजतां चुकलेला अवयव समजून परत आणावें, असा सौम्य सल्ला त्यांनीं या पत्रांत दिला. पुढें वार्धक्यांत ते रोमला गेले. पुनरुत्थानाचा सण कोणत्या दिवशीं पाळावा याविषयीं पोप अनिसेटस यांच्याशीं त्यांचें एकमत झालें नाहीं. तरीहि पोपनीं आपल्या मंडळींत मिस्साबलि अर्पण करण्याचा मान त्यांस दिला, आणि दोघे शांतीनें एकमेकांचा निरोप घेऊन वेगळे झाले.

इ. स. १५५ च्या सुमारास स्मुर्णा येथें ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला. क्विंटस नांवाचा एक मनुष्य आपण होऊन अधिकाऱ्यांपुढें गेला, पण श्वापदें दिसतांच त्याचें धैर्य गळालें. पोलिकार्प यांनीं असें साहस केलें नाहीं. मित्रांच्या आग्रहावरून ते शहराबाहेरील एका शेतावर जाऊन राहिले व रात्रंदिवस प्रार्थनेंत मग्न असत. शिपाई आले तेव्हां मात्र त्यांनीं पळण्याचें नाकारलें. पकडावयास आलेल्यांनाच त्यांनीं जेवण वाढावयास सांगितलें आणि प्रार्थनेसाठीं एक तास मागून घेतला. ती प्रार्थना दोन तास चालली. आयुष्यांत भेटलेल्या लहानथोर सर्वांची त्यांनीं नांवें घेतलीं. इतक्या वृद्ध व सज्जन पुरुषाला धरण्यास आपण आलों, याचा कित्येक शिपायांना पश्चात्ताप झाला.

क्रीडांगणांत मोठा जमाव होता. प्रांताधिपति स्टेशियस क्वाड्रेटस यानें त्यांच्या वयाकडे पाहून त्यांस पुष्कळ समजाविलें: कैसराची शपथ घे, ख्रिस्ताची निंदा कर, मी तुला सोडतों. ज्या राजाची ८६ वर्षें सेवा केली व ज्यानें आपलें कधींहि अहित केलें नाहीं, त्याची निंदा आपल्या तोंडून व्हावी कशी, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें. लोकांनीं लांकडें गोळा केलीं. खिळे ठोकण्याची गरज नाहीं, असें सांगून त्यांनीं स्वतःस नुसतें बांधूं दिलें. ज्वाळा वाऱ्यानें फुगलेल्या शिडाप्रमाणें त्यांच्याभोंवतीं उभ्या राहिल्या, असें पाहणाऱ्यांनीं सांगितलें. अखेरीस खंजिराच्या घावानें त्यांचा अंत करण्यांत आला.

यानंतर जें घडलें, तें आपल्या विषयाचें मर्म होय. मंडळीनें देह मागितला. तेव्हां विरोधकांनीं प्रांताधिपतीस सुचविलें कीं, देह देऊं नये. दिल्यास हे लोक क्रुसावर मेलेल्यास सोडून याचीच पूजा करूं लागतील. म्हणजे आज घेतली जाणारी शंका त्या दिवशींच घेतली गेली होती! स्मुर्णाच्या मंडळीनें फिलोमेलियम येथील बंधूंस पाठविलेल्या पत्रांत तिचें उत्तर दिलें आहे. त्याचा भावार्थ असा कीं, आराधना आम्ही केवळ देवपुत्राची करितों. रक्तसाक्षींवर मात्र, ते प्रभूचे शिष्य व अनुयायी म्हणून, आम्ही यथायोग्य प्रेम करितों. शताधिपतीनें देह जाळून टाकिला. राखेंतून वेंचलेल्या अस्थि त्या गरीब मंडळीस रत्नांहून व सोन्याहून मौल्यवान वाटल्या. त्यांनीं त्या योग्य स्थळीं ठेविल्या, आणि दरवर्षीं त्या ठिकाणीं आनंदानें जमून त्यांच्या मरणाचा दिवस हा ‘जन्मदिवस’ म्हणून पाळण्याचा निश्चय केला. लढून गेलेल्यांचें स्मरण आणि पुढें लढणाऱ्यांची तयारी, हा त्यांतील दुहेरी हेतु होता.

संतांच्या वार्षिक स्मरणाविषयींच्या अतिप्राचीन लेखी पुराव्यांत या पत्राची गणना होते. ही भक्ति कोणी वरून आज्ञा करून लादली नाहीं. पित्याला मुकलेल्या मंडळीच्या प्रेमांतून ती उमलली. बहुतेक संतांचा सण त्यांच्या मृत्युदिनीं येतो, तो याच भावनेनें. रक्तसाक्षींच्या थडग्यांवर मिस्साबलि अर्पण होऊं लागला, आणि इ. स. ७८७ मध्यें निसीया येथील दुसऱ्या विश्वपरिषदेनें मंदिरांच्या अभिषेकसमयीं संतांचे अवशेष तेथें स्थापिले जावे असें ठरविलें. वेदींत संताच्या अस्थि ठेवण्याची चाल आजहि ख्रिस्तसभेंत आहे. वेदी मात्र संताला नव्हे, देवालाच अर्पण केलेली असते. पोलिकार्प यांचा सण पूर्वीं रोमन पंचांगांत २६ जानेवारीस येत असे. १९६९ च्या सुधारणेनंतर तो त्यांच्या मरणदिनीं, २३ फेब्रुवारीस, पाळला जातो.

स्मुर्णा शहरानें पुढें अनेक राज्यें व अनेक भूकंप पाहिले. १९२२ च्या भयंकर आगींत तेथील ग्रीक व आर्मेनियन ख्रिस्ती वस्त्या भस्म झाल्या आणि सहस्रावधि लोक देशोधडीस लागले. तरीहि त्या शहरांत संत पोलिकार्प यांच्या नांवाचें एक कॅथॉलिक मंदिर उभें आहे.

वाचकहो, यावरून ज्युबिलीचा खरा अर्थ कळतो. दगडचुन्याच्या भिंतींना काळ खातो. प्रेमानें जपलेल्या स्मरणाला मात्र तो सहसा पुरत नाहीं. परंतु स्मुर्णाच्या मंडळीनें वर्षास एकदां जमणें हें पुढील परीक्षेची तयारी म्हणून ठरविलें, हें आपण विसरूं नये. सणाच्या दिवशीं मिरवणूक निघावी, वाजंत्रीं वाजावीं, घरोघरीं पाहुणे यावे. पण पाहुणे परतल्यावर आपल्या घरांतील मुलांनीं, ज्या संताचा हा सण त्यानें काय केलें, असें विचारल्यास आईबापांना तें सांगतां यावें. इतकें झालें, तर हातांतून हातांत आलेली ती ठेव आपल्या धर्मग्रामांतहि पुढें जाईल, आणि आपली ज्युबिली प्रभूला मान्य होईल.