बॉनेटखालची कैफियत

धुळे शहरातील ज्या पेठेला लोक आजही आग्रा रोड म्हणतात, त्या पेठेतून एके काळी मुंबईहून आग्र्याकडे जाणारी सारी वाहतूक, प्रथम बैलगाड्यांची आणि पुढे मोटारी व मालट्रकांची, जात असे, हे ध्यानात घेतले म्हणजे मोटारमिस्त्रींची परंपरा येथे का रुजली हे निराळे सांगावे लागत नाही. दक्षिणेस लळिंगचा चढ, उत्तरेस तापी ओलांडून शिरपूर-पळासनेरपुढे सातपुड्यातला बिजासन घाट, आणि मध्ये सुरत-नागपूर मार्गाचा छेद. अशा चव्हाट्यावरच्या गावी दमलेली वाहने थांबावीत आणि त्यांची कैफियत ऐकणारा कोणी तेथे असावा, हे ओघानेच आले.

परंतु यंत्राचा आवाज ऐकून त्याचे दुखणे ओळखण्याची विद्या खानदेशात मोटारीबरोबर आली नाही. ती तिच्याही आधीची आहे, असे माझे मत आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे विलायतेस तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली, आणि वाफेवर चालणारे जिन व प्रेस या मुलखात आले. त्याच दशकात जी. आय. पी. रेल्वेचा लोहमार्ग भुसावळास पोहोचला. स्थानकात उभ्या गाडीच्या चाकांवर लांब दांड्याचा हातोडा मारीत जाणारा रेल्वेचा कामगार धडधाकट चाकाचा निनाद आणि तडा गेलेल्या चाकाचा बद्द आवाज यांतील भेद क्षणार्धात जाणत असे. पुढे विहिरीवर तेल-इंजिन बसले, तेव्हा ठोका चुकल्याचे केळीच्या बागेच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कळू लागले. मोटार आली ती अशा तयार कानांच्या प्रदेशात.

त्या कानांना दीर्घकाळ काम पुरविले ते प्रामुख्याने दोन गाड्यांनी : उत्तरपाड्याच्या कारखान्यातून १९५७ पासून निघू लागलेली ॲम्बॅसडर, आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, जिला पुढे पद्मिनी हे नाव लाभले. पहिलीला लवकरच मिळालेले १४८९ सीसीचे इंजिन आणि दुसरीचे १०८९ सीसीचे, दोन्ही चार सिलिंडरांची व पुशरॉडने व्हॉल्व्ह उघडणारी. म्हणून एकीवर शिकलेला कान दुसरीवरही चाले. कॅमशाफ्ट क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकच फेरी घेतो, यास्तव टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या निम्म्या लयीत व वरच्या अंगाने ऐकू येते. बिगेंडचा ठोका खालून, जड, आणि इंजिनावर भार पडताच वाढणारा. कोणत्या सिलिंडरचा बिगेंड, याची रुजुवात करण्यास मिस्त्री एकेका प्लगची वायर काढून पाही. ज्या सिलिंडरची वायर काढताच ठोका मंदावे, तोच अपराधी. पट्टा चिरकत असल्यास त्यावर चुळभर पाणी टाकावे. आवाज क्षणभर बंद पडला की संशय उरत नाही. घरघर होत असेल तर पट्टाच उतरवून इंजिन अल्पकाळ चालवावे. घरघर थांबली तर दोष वॉटरपंपाच्या वा डायनामोच्या बेअरिंगात, न थांबली तर अन्यत्र शोध घ्यावा. घाट चढताना टॉप गिअरमध्ये होणारी खडखड बहुधा पुढे गेलेल्या टायमिंगची किंवा रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलची असे. या साऱ्या तपासास साधन एकच, लांब पेचकस. त्याचे पाते इंजिनाच्या लोखंडावर टेकवून मूठ कानामागच्या हाडास लावली की भोवतालचा गलबला वगळून नेमक्या त्या जागेचा आवाज अस्थीतून आत पोहोचतो.

या विद्येस खानदेशच्या हवेने जी साथ दिली तिची नोंद मात्र कोणी फारशी केलेली नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. ऑइल पातळ होते, त्याचा दाब घटतो, आणि सकाळी गप्प असलेले झिजलेले बेअरिंग दुपारी बोलू लागते. उलट धुळ्याची कडक थंडी पिस्टनचे दुखणे उघडे करते, कारण थंड पिस्टन आकसलेला असतो, सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो, आणि तापून फुगला की मुकाट होतो. समशीतोष्ण गावच्या मिस्त्रीला ज्या दोन साक्षी मिळणे दुर्घट, त्या येथे ऋतुमानच आणून हजर करीत असे.

माझ्या बालपणी आमच्या काकांची ॲम्बॅसडर एका डिसेंबरात ठोका देऊ लागली, तेव्हा ते तिला पारोळा रस्त्यावरील एका पत्र्याच्या शेडात घेऊन गेले. मिस्त्रीने बॉनेटला हात न लावता विचारले, “काय म्हनस गाडी, भाऊसाहेब?” काकांनी सारी हकीकत सांगितली : कधीपासून, कोणत्या वेळी, चढावर की उतारावर. त्याने गाडी रात्रभर तेथेच ठेवून घेतली व कोणी ती चालू करू नये अशी ताकीद पोरांना दिली. पहाटे आम्ही गेलो तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. इंजिन सुरू झाले, ठोका स्पष्ट ऐकू आला, आणि मिस्त्री पेचकस कानामागे धरून डोळे मिटून उभा राहिला. हळूहळू ठोका विरळ होत गेला आणि रेडिएटर कोमट होईतो नाहीसा झाला. त्याने पेचकस खाली घेतला, इंजिन उघडण्याचे कारण नाही असे काकांना सांगितले, आणि तो दाराशी उभ्या ट्रककडे वळला.