पुणेरी पलटण आणि यू मुंबा यांचे हंगामपूर्व संघबदल

पुणेरी पलटण आणि यू मुंबा हे प्रो कबड्डी लीग या व्यावसायिक स्पर्धेतील महाराष्ट्राचे दोन संघ आहेत. २०१४ साली स्पर्धा सुरू झाली तेव्हाच्या आठ मूळ संघांत दोघांचाही समावेश होता. त्यांच्यातील सामन्याला प्रसारमाध्यमे 'महाराष्ट्राचे द्वंद्व' म्हणून रंगवतात. दोन हंगामांच्या मधल्या काळात, म्हणजे खेळाडू राखणे, सोडणे आणि लिलावात नव्याने घेणे या टप्प्यावर, या दोन संघांनी वेगवेगळे मार्ग धरले, आणि त्यांच्या यशापयशाचा उलगडा मैदानावरील एखाद्या लढतीपेक्षा या निर्णयांतून अधिक होतो.

संघबांधणीची पद्धत

हंगाम संपल्यावर प्रत्येक संघ आपल्या काही खेळाडूंना कायम ठेवतो. कायम ठेवलेल्यांत अनुभवी खेळाडू, पूर्वीपासून संघात असलेले तरुण खेळाडू आणि 'नवोदित तरुण खेळाडू' असे वर्ग असतात. उरलेले खेळाडू लिलावात जातात. अलीकडच्या लिलावांत अ वर्गातील खेळाडूची मूळ किंमत ३० लाख, ब वर्गाची २० लाख, क वर्गाची १३ लाख आणि ड वर्गाची ९ लाख रुपये आहे. संघाला खर्चासाठी मिळणारी मर्यादा २०२३ मध्ये ४ कोटी ४० लाखांवरून ५ कोटी रुपये करण्यात आली. लिलावात दुसऱ्याने लावलेल्या शेवटच्या बोलीइतकी रक्कम देऊन जुना संघ आपला खेळाडू परत मिळवू शकतो, अशीही तरतूद आहे.

या नियमांचा परिणाम साधा आहे. रक्कम ठरलेली असल्यामुळे एका नामवंतावर दोन कोटी खर्च करणाऱ्या संघाला बाकीचा संघ स्वस्तात उभा करावा लागतो. ज्याच्याकडे आधीपासून जोपासलेले तरुण आहेत, त्यालाच असा खर्च परवडतो.

आरंभीची वर्षे

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत झालेल्या स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात यू मुंबाने जयपूर पिंक पँथर्सला ४५–३१ असे हरवले. अनुप कुमार याच्या नेतृत्वाखाली हा संघ पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत पोहोचला आणि २०१५ मध्ये बंगळुरू बुल्सवर ३६–३० अशी मात करून विजेता ठरला. २०१६ च्या मार्चमध्ये पाटणा पायरेट्सकडून अवघ्या तीन गुणांनी त्याचा पराभव झाला. त्यानंतर यू मुंबाला अंतिम फेरी गाठता आलेली नाही.

पुण्याची कहाणी उलट्या दिशेने चालली. पहिले दोन्ही हंगाम पलटण तळाला राहिली. तिसऱ्या हंगामापूर्वी बंगळुरूकडून आलेला अष्टपैलू मनजीत छिल्लर संघात दाखल झाला आणि त्या वर्षीच्या दोन्ही हंगामांत पुण्याने तिसरे स्थान मिळवले. एका खेळाडूच्या आगमनाने संघाचा नूर इतका पालटल्याची उदाहरणे स्पर्धेत थोडी आहेत. मात्र या अनुभवातून पुण्याने बहुधा चुकीचा धडा घेतला. २०१८ मध्ये नितीन तोमर याच्यावर १ कोटी १५ लाख आणि २०१९ मध्ये १ कोटी २० लाख रुपये खर्च करण्यात आले, पण त्या दोन्ही हंगामांत संघ बाद फेरीपर्यंत पोहोचला नाही.

मुंबईहून पुण्याकडे

२०१८ च्या लिलावात यू मुंबाने इराणचा बचावपटू फझल अत्राचली याला १ कोटी रुपयांना घेतले. लिलावात कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला परदेशी खेळाडू होता. त्याच लिलावात कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई ३६ लाख ४० हजारांना मुंबईकडे आला. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांची बोली लावून त्याला नेले. आपणच शोधलेला हिरा एका वर्षात हातचा गेला, ही मुंबईच्या चाहत्यांची जुनी सल आहे.

अनुप कुमार २०१८ मध्ये जयपूरकडून खेळला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये निवृत्त झाला. २०१९ मध्ये तो पुणेरी पलटणचा प्रशिक्षक झाला. मुंबईला एकमेव विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार प्रतिस्पर्ध्याच्या बाकावर बसला. २०२१–२२ च्या हंगामात, साथीमुळे सर्व सामने बंगळुरूत होत असताना, पुण्याने नितीन तोमर आणि राहुल चौधरी या प्रस्थापितांवर भिस्त ठेवली होती; प्रत्यक्षात संघ सावरला तो असलम इनामदार आणि मोहित गोयत या नवोदितांनी. पुढील चार हंगामांचा पुण्याचा पाया याच वर्षी घातला गेला.

२०२२ च्या लिलावात फझल अत्राचलीही पुण्याकडे आला. त्यासाठी पलटणने १ कोटी ३८ लाख रुपये मोजले, शिवाय इराणचाच अष्टपैलू मोहम्मद नबीबख्श याच्यासाठी ८७ लाख. यू मुंबाने १ कोटी २१ लाखांना चढाईपटू गुमान सिंग याला घेतले आणि नेतृत्व बचावपटू सुरिंदर सिंगकडे दिले. दोन्ही संघांनी कोटीच्या वर खर्च केला. फरक असा की, पुण्याच्या महागड्या खेळाडूंभोवती तयार तरुण होते आणि मुंबईच्या भोवती ते नव्हते. बी. सी. रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याने अंतिम फेरी गाठली. ती फेरी १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईतच, वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात झाली. जयपूरने ती ३३–२९ अशी जिंकली. विजयी कर्णधार सुनील कुमार पुढे मुंबईकडे यायचा होता.

२०२३ चा लिलाव आणि विजेतेपद

हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेमुळे २०२३ चा लिलाव सप्टेंबरवरून ऑक्टोबरवर ढकलण्यात आला. ७ ऑक्टोबरला भारताने इराणला ३३–२९ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. त्या भारतीय संघात असलम इनामदार (अहमदनगर, आताचे अहिल्यानगर) आणि आकाश शिंदे (नाशिक) हे पुण्याचे दोन खेळाडू होते. लगोलग ९ आणि १० ऑक्टोबरला मुंबईत लिलाव झाला आणि पुण्याने पराभूत इराणी संघातील मोहम्मदरेझा शादलुई याला २ कोटी ३५ लाखांना घेतले. आदल्या वर्षीच्या कर्णधाराला, फझलला, सोडून देण्यात आले होते. तो १ कोटी ६० लाखांना गुजरातकडे गेला. कर्णधारपद असलमकडे आले.

जवळपास निम्मी मर्यादा एकाच खेळाडूवर खर्च करणे हे धाडसच होते. ते पेलले, कारण असलम, मोहित, आकाश, २०१९ पासून संघात असलेला पंकज मोहिते, तसेच गौरव खत्री, अबिनेश नादराजन, संकेत सावंत हे सारे आधीपासून जमलेले होते. पुण्याने साखळीत २२ पैकी १७ सामने जिंकले, तीन बरोबरीत सोडवले आणि ९६ गुणांनिशी पहिले स्थान मिळवले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादच्या गच्चीबावली क्रीडागृहात हरियाणा स्टीलर्सवर २८–२५ असा विजय मिळवून पलटण प्रथमच विजेती झाली. शादलुई हंगामातील सर्वोत्तम बचावपटू आणि असलम सर्वाधिक मौल्यवान खेळाडू ठरला. यू मुंबाला मात्र सलग तिसऱ्या हंगामात बाद फेरीबाहेर राहावे लागले.

त्यानंतरचे बदल

२०२४ मध्ये शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला आणि त्या वर्षी हरियाणा विजेता ठरला. अंतिम सामना बालेवाडीत, पुण्याच्याच घरी, झाला. असलमच्या दुखापतीने पलटणची घडी विस्कटली आणि गतविजेता संघ बाद फेरीला मुकला. सुस्थितीतील संघातून एक खांब काढल्यास बाकीच्यांवर किती भार येतो, हे या हंगामात दिसले.

मुंबईने त्याच लिलावात आपली चाल बदलली. चढाईपटूऐवजी बचावावर पैसा लावून सुनील कुमारला १ कोटी १ लाख ५० हजारांना घेतले. गुजरातच्या संघातील त्याचा जुना जोडीदार परवेश भैंसवाल हाही आला. मधल्या जागेवरची ही सरावलेली जोडी आणि अजित चौहान या तरुणाच्या चढाया यांच्या बळावर संघ बाद फेरीत परतला, तेथे पाटण्याने त्याला रोखले.

२०२५ पूर्वी पुण्यात बदल झाला तो प्रशिक्षकाच्या जागी. रमेश बंगळुरूकडे गेले आणि भारताचे माजी कर्णधार अजय ठाकूर आले. असलम नेतृत्वावर कायम राहिला, चढाईला सचिन तन्वर याची जोड मिळाली. संघाने पुन्हा अंतिम फेरी गाठली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत दबंग दिल्लीकडून ३१–२८ असा पराभव पत्करावा लागला. दिल्लीच्या बचावात फझल अत्राचली होता.

मराठवाडा आणि हे दोन संघ

नांदेड, लातूर, परभणी या जिल्ह्यांत कबड्डी शालेय आणि गावपातळीवर खेळली जाते, पण मराठवाड्याचा स्वतंत्र संघ या स्पर्धेत नाही. प्रेक्षकाला पुणे किंवा मुंबई यांतून निवड करावी लागते. अंतराचा हिशोब मात्र वेगळेच सांगतो. नांदेडहून मुंबई सुमारे ६०० किलोमीटर आणि पुणे सुमारे ४५० किलोमीटर आहे, तर हैदराबाद ३०० किलोमीटरच्या आत. म्हणजे नांदेडकरांना सर्वांत जवळचा संघ तेलुगू टायटन्सचा आणि पलटणच्या एकमेव विजेतेपदाचे मैदानही त्याच शहरातले. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या प्रदेशाला हे नवल वाटू नये.

जिल्ह्यातील खेळाडूसाठी मार्ग जिल्हा संघटना, राज्य निवड आणि राष्ट्रीय स्पर्धा असा जातो. याखेरीज दोन्ही संघांची 'युवा पलटण' आणि 'युवा मुंबा' ही तरुणांची पथके आहेत. नवोदित वर्गातून थेट संघात प्रवेश मिळत असल्याने लहान गावातील खेळाडूला लिलावाच्या कोट्यवधींपेक्षा ही पथकेच अधिक महत्त्वाची आहेत. मातीवर शिकलेल्या मुलाला मॅटचा सराव लवकर मिळणे ही त्यातली पहिली अट असते. मॅटवर पायाची पकड, वेग आणि पडण्याची रीत बदलते. २०२५ च्या हंगामातील सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथे झाले. महाराष्ट्रात एकही झाला नाही.