सेटांटा : एका क्रीडावाहिनीचा उदय आणि अस्त

२१ जून १९९० च्या संध्याकाळी इटलीत दोन फुटबॉल सामने एकाच वेळी सुरू झाले. सार्डिनिया बेटावरील काल्यारी येथे इंग्लंड आणि ईजिप्त, तर सिसिलीतील पालेर्मो येथे आयर्लंड आणि हॉलंड. जागतिक स्पर्धेचा एकच गट आणि त्यातले हे अखेरचे दोन सामने. आयर्लंडचा संघ जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत आयुष्यात प्रथमच उतरला होता, त्यामुळे त्या चिमुकल्या देशात त्या संध्याकाळी रस्ते ओस पडले असल्यास नवल नाही. पण लंडनमध्ये राहणाऱ्या हजारो आयरिश माणसांपुढे निराळाच प्रश्न होता. ब्रिटनमधील दूरचित्रवाणीने इंग्लंडचा सामना दाखवावा हे स्वाभाविकच. परंतु मग पालेर्मोचा सामना पाहायचा कोठे?

पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसाला गावच्या जत्रेची ओढ कशी लागते हे इंदूर, बडोदे किंवा दिल्ली येथील मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. मायकेल ओरूर्क आणि लेनर्ड रायन या दोघा आयरिश तरुणांनी त्या ओढीवर तोडगा काढला. लंडनच्या ईलिंग भागातील एका नृत्यगृहात त्यांनी पालेर्मोचे चित्र आणवले, दारावर प्रवेशमूल्य घेतले आणि देशबांधवांना सामना दाखवला. रूड गुलिटने दहाव्या मिनिटाला हॉलंडचा गोल केला; एकाहत्तराव्या मिनिटाला नायल क्विनने त्याची फेड केली. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला आणि आयर्लंड पुढच्या फेरीत गेले. त्या नृत्यगृहातील संध्याकाळीतूनच ‘सेटांटा’ नावाची कंपनी जन्माला आली.

हे नाव मोठ्या मार्मिकपणे निवडलेले आहे. आयरिश पुराणकथांतील महावीर कू हुलिन याचे बालपणीचे नाव सेटांटा. राजा काँखवर एकदा कुलान नावाच्या लोहाराकडे मेजवानीला निघाला असता त्याने या मुलालाही बोलावले. मुलगा चेंडूफळीच्या खेळात दंग होता. खेळ संपवून मागाहून येतो, असे तो म्हणाला. राजाला पुढे त्याचा विसर पडला. लोहाराने दरवाजे लावून आपला अक्राळविक्राळ कुत्रा राखणीला मोकळा सोडला. एकटा येणाऱ्या सेटांटावर तो कुत्रा धावून आला, तेव्हा त्याने फळीने चेंडू असा टोलावला की तो कुत्र्याच्या घशात शिरून कुत्रा गतप्राण झाला. लोहार शोक करू लागताच मुलाने शब्द दिला, की नवे पिल्लू वाढून मोठे होईपर्यंत तुमच्या दाराची राखण मी करीन. ‘कुलानचा कुत्रा’ म्हणजेच कू हुलिन हे नाव त्याला तेव्हापासून पडले. खेळ, पराक्रम आणि अंगावर घेतलेले ऋण या तिन्ही गोष्टी या कथेत आहेत, आणि कंपनीच्या इतिहासातही त्या तिन्ही आढळतात.

आरंभीची अनेक वर्षे सेटांटाचा व्यवहार साधा आणि हिशेबी होता. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे आयर्लंडचे देशी खेळ. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत त्यांचे सामने कोणी दाखवीत नसे. सेटांटा ते उपग्रहाद्वारे परदेशांतील आयरिश पबमध्ये आणि सभागृहांत पोचवी. ग्राहक ओळखीचा, मागणी निश्चित आणि प्रतिस्पर्धी जवळजवळ नाही, असा हा धंदा. मोठ्या माशाला ज्याची चव नाही असे अन्न शोधून काढण्यात या दोघांची खरी बुद्धी दिसते.

मोठा मासा म्हणजे स्काय. १९९२ मध्ये इंग्लंडच्या प्रमुख संघांनी प्रीमियर लीग ही नवी स्पर्धा काढली आणि तिच्या थेट प्रक्षेपणाचे हक्क रूपर्ट मरडॉक यांच्या स्काय या वर्गणीच्या वाहिनीकडे गेले. वर्षानुवर्षे घरोघरी फुकट दिसणारा खेळ आता महिन्याची वर्गणी भरणाऱ्याचा झाला. या सोन्याच्या खाणीत दुसऱ्या कोणी उतरू नये असे नव्हते. पण उतरणाऱ्याची गत काय होते याचे उदाहरण ताजे होते. आयटीव्ही डिजिटल या कंपनीने फुटबॉल लीगच्या खालच्या श्रेणींतील सामन्यांसाठी तीन वर्षांचे साडेएकतीस कोटी पौंड कबूल केले आणि २००२ मध्ये ती बुडाली. तिच्या भरवशावर खेळाडूंचे पगार ठरवून बसलेले लहान संघ देशोधडीला लागायची पाळी आली.

असे असूनही सेटांटाने २००४ मध्ये स्कॉटलंडच्या प्रीमियर लीगचे हक्क घेतले. येथवर पाऊल बेताचेच होते. पुढच्या वर्षी तिच्या नावाने एक चषकही सुरू झाला. सेटांटा चषकात आयर्लंडचे प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड या सीमेच्या दोन्ही बाजूंचे संघ एकमेकांशी खेळत. पहिला चषक २००५ मध्ये बेलफास्टच्या लिनफील्ड संघाने डब्लिनच्या शेलबर्नला हरवून जिंकला. रक्ताने माखलेल्या त्या सीमेचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला या सामन्यांचे मोल निराळे सांगायला नको. कंपनीने केलेल्या सर्व कामांत हे काम, धनाच्या दृष्टीने किरकोळ असले तरी, सर्वांत सुंदर म्हणावे लागेल.

मग २००६ साल उजाडले. प्रीमियर लीगचे सारे थेट सामने एकाच कंपनीच्या हाती असणे युरोपीय आयोगाला मान्य नव्हते. सामन्यांचे सहा गट पाडावेत आणि सहाही गट एकाला विकू नयेत, अशी तडजोड झाली. लिलावात स्कायने चार गट १३१ कोटी ४० लाख पौंडांना घेतले. उरलेले दोन गट, म्हणजे दरसाल ४६ सामने, सेटांटाने २००७ पासूनच्या तीन वर्षांसाठी ३९ कोटी २० लाख पौंडांना घेतले. सतरा वर्षांपूर्वी नृत्यगृहाच्या दारात प्रवेशमूल्य गोळा करणारी माणसे मरडॉकच्या शेजारी येऊन बसली! पाठोपाठ इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेशी चार वर्षांचा करार झाला. आयटीव्हीच्या जोडीने ४२ कोटी ५० लाख पौंड मोजून इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे आणि एफ. ए. चषकाचे सामने घेण्यात आले. त्यांत सेटांटाचा वाटा १५ कोटींचा होता.

मक्तेदारी मोडली म्हणून ग्राहकाचे भले झाले काय? येथे अर्थशास्त्राचा पाठ्यपुस्तकी सिद्धांत तोंडघशी पडतो. दोन दुकानदार एकच माल विकतात तेव्हा भाव उतरतो. परंतु येथे एकाच मालाचे दोन तुकडे करून ते दोन दुकानांत ठेवले गेले. आपल्या संघाचे सगळे सामने पाहू इच्छिणाऱ्या रसिकाला पूर्वी एक वर्गणी पुरे, ती आता दोन भराव्या लागल्या. पुष्कळांनी दुसरी भरली नाही. फुटबॉलचा मोसम मे महिन्यात संपतो. उन्हाळ्यात वर्गणी बंद करून ऑगस्टमध्ये परत यावे, असा विचार करणाऱ्यांची संख्याही थोडी नव्हती. हक्कांचे हप्ते मात्र उन्हाळा पाहत नाहीत. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे तोंडमिळवणीसाठी कंपनीला सुमारे १९ लाख वर्गणीदार हवे होते. मिळाले १२ लाखांच्या आसपास.

दैवाचा विनोदही असा की १० सप्टेंबर २००८ रोजी झाग्रेब येथे इंग्लंड आणि क्रोएशिया यांचा जागतिक स्पर्धेच्या पात्रतेचा सामना झाला, तो थेट दाखवण्याचा हक्क केवळ सेटांटाकडे होता. क्रोएशियाचा संघ मायभूमीवर अशा स्पर्धात्मक सामन्यात तोवर कधी हरला नव्हता. थिओ वॉलकॉट या एकोणीस वर्षांच्या मुलाने तीन गोल केले आणि इंग्लंडने चार-एक असा विजय मिळवला. पण वर्गणी न भरणाऱ्या कोट्यवधी इंग्रजांना तो घडत असताना पाहता आला नाही, आणि याबद्दल मोठी ओरड झाली. ब्रिटिश कायद्याने जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी सर्वांना पाहता यावी अशी तरतूद केली आहे. पात्रतेचे परदेशी सामने त्या संरक्षणात येत नाहीत. राष्ट्रीय संघाचा सामना दिसत नाही म्हणून जी कंपनी जन्मली, तिच्यामुळेच दुसऱ्या एका राष्ट्राचे लोक पडद्याबाहेर राहिले. हा तिचा एकटीचा दोष नव्हता, विकणाऱ्या संघटनेचाही होता; पण बोल लागला तो तिला.

पुढचा उतार वेगाने झाला. फेब्रुवारी २००९ मध्ये पुढील तीन वर्षांचा लिलाव झाला, त्यात सेटांटाच्या हाती दोनांऐवजी एकच गट राहिला. आर्थिक मंदीमुळे कर्ज देणारे हात आखडले होते. स्कॉटलंडच्या संघांचे पैसे थकले, मग प्रीमियर लीगचा एक कोटी पौंडांचा हप्ता चुकला. लेन ब्लावाटनिक या धनाढ्य गुंतवणूकदाराशी चाललेली बोलणी फिसकटली. १९ जूनला प्रीमियर लीगने करार रद्द केला. २२ जूनला ते हक्क ईएसपीएन या अमेरिकन कंपनीने घेतले. आणि २३ जून २००९ रोजी सेटांटाचा ब्रिटनमधील कारभार प्रशासकांच्या स्वाधीन होऊन त्याच संध्याकाळी पडदे काळे झाले. पालेर्मोच्या सामन्याला त्या वेळी एकोणीस वर्षे आणि दोन दिवस झाले होते.

खरा मार बसला तो लहानांना. स्कॉटलंडच्या संघांनी वर्षभरापूर्वीच स्कायचा देकार नाकारून सेटांटाशी २०१० पासूनच्या चार वर्षांसाठी साडेबारा कोटी पौंडांचा नवा करार मान्य केला होता. तो कागदावरच राहिला. स्काय आणि ईएसपीएन यांनी मिळून देऊ केलेली रक्कम होती पाच वर्षांना साडेसहा कोटी. इंग्लंडच्या पाचव्या श्रेणीतील गावोगावच्या संघांचेही सेटांटाशी करार होते. त्यांच्या अंदाजपत्रकांतील एक रकाना एका संध्याकाळीत कोरा झाला. प्रीमियर लीगला मात्र तीन दिवसांत नवा गिऱ्हाईक मिळाला.

अमेरिकेतील सेटांटा फेब्रुवारी २०१० अखेर बंद पडली आणि तिची जागा फॉक्स सॉकर प्लस या वाहिनीने घेतली. आयर्लंडमधील शाखा तग धरून राहिली. एर या दूरध्वनी कंपनीने ती विकत घेतली, २०१६ मध्ये तिचे नाव बदलले आणि २०२१ मध्ये ती वाहिनीही बंद झाली. सीमेपलीकडच्या संघांना एकत्र आणणारा सेटांटा चषक अखेरचा खेळला गेला तो २०१४ मध्ये. नाव तेवढे दूरवर गेले. जॉर्जियातील एका कंपनीने ते आपल्याकडे घेतले, आणि आयरिश लोहाराच्या कुत्र्याला मारणाऱ्या त्या मुलाच्या नावाने आता कॉकेशस आणि मध्य आशियातील घरांत इंग्रजी फुटबॉलचे सामने दिसतात.