तबकडीत न मावलेली वीणा

१/ थोर बीनकार बंदे अली खाँ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात निवर्तले. त्यांची बीन ऐकलेल्यांच्या आठवणी पुढील पिढ्यांपर्यंत आल्या, पण नाद त्यांच्याबरोबरच गेला. भारतात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रणास प्रारंभ झाला तो १९०२ साली, कलकत्त्यात.

२/ तबकडी आली, तरी बीनेचा प्रश्न सुटला नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटांचे संगीत मावत असे. खयाल गायकांनी तेवढ्या अवधीत चीज बसवण्याची कला साधली. ध्रुपद अंगाचा आलाप मात्र एकेक स्वर उलगडत तासभर चालतो. तबकडी संपेल तेव्हा वादक अद्याप मंद्र सप्तकातच असणार.

३/ बीन म्हणजेच रुद्रवीणा: एक पोकळ दांडी, तिच्यावर पडदे आणि खाली दोन मोठे भोपळे. तिचा आवाज मुळातच कोमल. वादकाची खरी कसोटी मींडेत लागते. एकाच आघातानंतर, नाद विरून जाण्यापूर्वी, तार बाजूला ओढून त्याच पडद्यावर पुढचे स्वर काढायचे असतात.

४/ या वाद्याला विसाव्या शतकात नवे सामर्थ्य दिले उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी. जन्म १९२९, उदयपूर. घराणे ध्रुपद गायकांचे. पुढील वास्तव्य मुंबईत, चेंबूरला. गळ्यातील आलाप जसाच्या तसा वीणेवर उतरावा, हा त्यांचा ध्यास होता.

५/ त्यासाठी त्यांनी वाद्यच बदलले. भोपळे मोठे केले, दांडी व तारा जाड घेतल्या. स्वर खाली उतरला, नाद अधिक काळ टिकू लागला. मिजराब त्यांनी सोडली व उघड्या बोटांनी वाजवू लागले. या गांभीर्याची किंमत बोटांना मोजावी लागे: तार जितकी जाड, तितकी मींड कष्टाची.

६/ दरम्यान लाँग प्ले तबकडी आणि ध्वनिफीत आली व वेळेचे बंधन सैल झाले. डागर अमेरिकेत सिएटल येथेही शिकवत असत. मार्च १९८६ मध्ये तेथे झालेल्या त्यांच्या मैफलींचे ध्वनिमुद्रण झाले. वय ५७, हात पूर्ण परिपक्व. यमनसारखा परिचित राग त्यांत इतक्या संथपणे उभा राहतो की, एका स्वरापासून दुसऱ्यापर्यंतचा प्रवास हाच श्रवणाचा विषय होतो.

७/ असे वादन टिपणे तंत्रज्ञालाही अवघड. ध्वनिग्राहक दूर ठेवला, तर विरत जाणारा नाद हरवतो. जवळ आणला, तर तारेवरील बोटाचे घर्षणही उमटते. शिवाय या वाद्यात शांतता हा वादनाचाच भाग असल्याने सभागृहातील खोकलाही लपत नाही.

८/ सप्टेंबर १९९० मध्ये डागर निवर्तले. सिएटलचे हे मुद्रण २०१८ साली, म्हणजे वादनानंतर ३२ वर्षांनी, प्रसिद्ध झाले. मात्र तार किती ओढावी, कुठे थांबावी, हे केवळ ऐकून हातात उतरत नाही. म्हणूनच पनवेलजवळ पळस्पे येथे त्यांनी उभारलेल्या गुरुकुलाचे मोल. त्यांचे पुत्र बहाउद्दीन डागर हीच वीणा आज वाजवतात आणि शिकवतात. बंदे अली खाँच्या बाबतीत जो नाद कायमचा हरपला, तो येथे दोन वाटांनी टिकला: फितीवर आणि शिष्याच्या बोटांत.