परसातल्या सुना

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, आपल्याकडे घरोघरी ऋषीची भाजी शिजते. अळू, माठ, सुरण, पडवळ, शिराळी, भेंडी, काकडी, लाल भोपळ्याच्या फोडी, मक्याच्या कणसाचे तुकडे आणि चवीपुरती हिरवी मिरची. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा नेम आहे. नांगरलेल्या शेतातलं चालत नाही. मग उरतं काय? घरच्या बाईनं हातानं लावलेलं, हातानं पाणी घातलेलं, म्हणजे परसातलं. शेतीचे सण आपल्याकडे पुष्कळ आहेत; पण परसाचा म्हणता येईल असा सण हा एवढाच.

यातली गंमत पुढेच आहे. ज्या सप्तर्षींच्या नावानं ही भाजी होते, त्यांनी त्यातला लाल भोपळा, मका आणि मिरची कधी पाहिलीही नसेल. ही तिन्ही मंडळी मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस 1492 मध्ये तिकडे पोचला, त्यानंतरच ती समुद्र ओलांडून बाहेर पडली. म्हणजे आपल्या सर्वांत सोवळ्या भाजीत तीन परदेशी पाहुणे आहेत आणि कुणाच्या ते ध्यानातही येत नाही.

त्याआधी आपलं परस कसं होतं? बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजानं, तिसऱ्या सोमेश्वरानं, ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या पाकशाळेचं तपशीलवार वर्णन आहे. पण मिरची नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही. ते असणारच कसे? तोंडाला तिखट लागायचं ते मिऱ्यामुळे आणि आल्यामुळे. वांगं, काकडी, पडवळ, कारलं, तोंडलं ही मात्र आपल्या किंवा शेजारपाजारच्या मातीतली जुनी मंडळी.

1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्या गलबतांतून अमेरिकेतल्या अनेक वनस्पती आपल्या किनाऱ्यावर उतरल्या. त्या घरात कशा आल्या याची रोजनिशी कुणी लिहून ठेवलेली नाही. पण भाषा काही लपवत नाही. आपल्याकडे नवी सून आली की तिचं नाव बदलायची रीत होती. परसात आलेल्या या सुनांचीही तशीच नावं ठेवली गेली. तिखट लागणाऱ्या नव्या फळाला मिऱ्याच्या नात्यातलं नाव मिळालं, मिरची. दुधी भोपळा घरचा होताच, त्याच्या शेजारी नवा आला तो लाल भोपळा. जमिनीखाली शेंगा धरणारा दाणा आला, त्याला घरच्या मुगाचं नाव देऊन भुईमूग म्हटलं. ‘रक्तालु’ हे जुन्या लाल कंदाचं नाव. ते नव्या कंदाला देऊन त्याचं रताळं केलं. काही सुना मात्र माहेरचंच नाव घेऊन नांदल्या. बटाटा, कोबी, पपई, काजू, अननस हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. हिंदीत बटाट्याला ‘आलू’ म्हणतात, म्हणजे तिकडे त्याला जुन्या कंदाचं नाव दिलं गेलं. आपण पाहुण्याला त्याच्याच नावानं हाक मारत राहिलो.

या सुनांना आधी घरात कुणी घेतलं असेल? मला वाटतं, शेतानं नव्हे, परसानं. शेतात अनोळखी पीक घेणं म्हणजे घराच्या वर्षभराच्या पोटाशी खेळ. तो जुगार कुणबी सहजी खेळत नाही. परसात मात्र चार बिया टोचून बघता येतात. आल्या तर आल्या, नाही तर गेल्या. चव घरच्या माणसांना रुचली तर पुढच्या पावसाळ्यात आठ बिया. प्रयोगशाळा म्हणजे याहून वेगळं काय असतं? आणि तिची चालक घरची बाई होती. उपासाचं ताट पाहा. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची आणि ज्याचा आपण साबूदाणा करतो तो कसावा, सगळे अमेरिकेचे. उपासाला काय चालतं, याचा निवाडा कुठल्या धर्मसभेपेक्षा स्वयंपाकघरातच जास्त झाला असावा.

परसाची मांडणीही नीट विचार करून केलेली असे. न्हाणीचं पाणी जिथे उतरतं तिथे अळू आणि केळ, कारण त्यांना सतत ओल लागते. कुंपणाला शेवगा. दोडक्या-घोसाळ्याला मांडव, म्हणजे त्याखाली सावलीही मिळते. भांडी घासलेलं पाणी वाफ्याला, चुलीतली राख झाडाला. वाया असं काही जात नसे. एका वेलाला दुधी लागले की घरात संपत नाहीत, मग ते कुंपणावरून शेजारी जायचे आणि तिकडून अळूची पानं यायची. त्या देवाणघेवाणीत सुनेचं बाळंतपण, पोराची परीक्षा, नणंदेचं लग्न या सगळ्याची चर्चा होऊन जायची. यातलं काही बाजारात विकलं गेलं नाही, म्हणून कुठल्या वहीत चढलं नाही. सातबारा बहुधा पुरुषाच्या नावावर; परसाला उताराच नव्हता.

या परसाचा कणा होता बी. पहिली जोमदार काकडी खायची नाही, ती वेलावरच पिकू द्यायची. दोडका चुलीच्या वर टांगायचा, धुरामुळे कीड लागत नाही. वालाचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवायचं. मुलगी सासरी निघाली की तिच्याबरोबर पुरचुंडीतून चार बियाही जात. एका घराची भाजी अशी दुसऱ्या गावी नांदायला जाई.

ही साखळी पुढे तुटत गेली. इंग्रजांच्या काळात फ्लॉवर आला. 1822 मध्ये सहारनपूरच्या कंपनी बागेत तो प्रथम लावला गेल्याची नोंद आहे. कोबीचं बी धरायला कडक थंडी लागते, आपल्या हवेत ते होत नाही. म्हणजे भाजी घरची, पण बी विकतचं, असा प्रकार सुरू झाला. नंतर संकरित वाण आले. पीक भरघोस येतं, हे खरंच आहे आणि त्यानं पुष्कळांची पोटं भरली हेही नाकारण्यात अर्थ नाही. पण संकरित वाणाच्या फळातलं बी पेरलं तर पुढची पिढी आईसारखी निघत नाही. दर हंगामाला पाकीट आणावं लागतं. मडकं रिकामं झालं आणि बी कसं धरायचं हे ज्ञानही त्याच्याबरोबर जाऊ लागलं.

सरकारला परसाची आठवण झाली ती अडचणीच्या वेळी. महायुद्धात ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, बंगालात दुष्काळ पडला, तेव्हा 1943 मध्ये ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर चालवला. संकट सरलं की मोहिमा थंडावल्या. गृहिणी मात्र थांबल्या नाहीत. मुंबईच्या चाळींत परस नव्हतं, तर डालडाच्या रिकाम्या डब्यांत मिरची, ओवा आणि गवती चहा गॅलरीत उभे राहिले. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर (1924–2001) यांनी ‘प्रयोग परिवारा’तून, एका कुटुंबाला दहा गुंठ्यांत कसं सुखानं राहता येईल, हे सांगितलं. घरचं सांडपाणी आणि पालापाचोळा ही त्यांची भांडवलं. परसातल्या बायकांना त्यात काही परकं वाटलं नसतं.

आणि मग राहीबाई पोपेरे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या या आदिवासी शेतकरी बाई. शाळेत गेल्या नाहीत. घराभोवती भाज्या लावता लावता त्यांनी गावठी बियाणं गोळा केलं, जपलं, वाटलं. वालाचेच कितीतरी प्रकार त्यांनी राखले. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा शिकल्यासवरल्या लोकांनी मडक्यातल्या बियांकडे प्रथमच नीट पाहिलं. आपल्या आज्या-पणज्या हेच करत होत्या. त्यांना पदवी नव्हती आणि कुणी विचारलंही नव्हतं.

विचारायला अजून थोडा वेळ आहे. घरात किंवा गावाकडे साठी-सत्तरी ओलांडलेली कुणी आजी, मावशी, आत्या असेल, तर या ऋषिपंचमीला तिच्याजवळ बसा. तुमच्या परसात काय काय होतं, त्याला काय म्हणत, बी कसं धरत, कुणाकडून आणलं होतं, एवढं विचारा आणि लिहून ठेवा. चार बिया मिळाल्या तर गॅलरीतल्या कुंडीत टोचा. वेल चढला, तर पहिलं फळ मात्र कापू नका. ते पिकू द्या.